पीएस५ वरचे डिजिटल गेम नीट लावायचे कसे: लायब्ररी, गेमलिस्ट अन् स्टोरेज

पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ कन्सोल) घेऊन वर्ष-दोन वर्षं झाली की बहुतेकांच्या लायब्ररीची अवस्था सारखीच होते. सेलमध्ये घेतलेले गेम, प्लसवर (सोनीच्या पैसे भरून घ्यायच्या सबस्क्रिप्शनवर) दर महिन्याला मिळालेले, फुकटचे, डेमो, कुठल्यातरी बीटाचं (चाचणी आवृत्तीचं) आयकॉन, सगळं एकाच ढिगात. रात्री जेवणं झाली की कन्सोल चालू करायचा, टाइल्स सरकवत बसायचं आणि शेवटी परत तोच नेहमीचा गेम लावायचा, कारण बाकीचे डोळ्यासमोरच येत नाहीत. एवढे पैसे घातलेले असतात, सोनीचा स्वतःचा नवा गेम इथे साधारण पाच हजारांच्या घरात येतो, आणि तो घेऊन विसरायचा हे मला अजिबात पटत नाही.

म्हणून मी जी पद्धत सांगणार आहे तिचं मुख्य सूत्र आधीच सांगून टाकतो. गेम ॲक्शन, रेसिंग, पझल अशा प्रकारांनुसार लावू नका, तुम्ही तो कधी आणि कोणाबरोबर खेळणार त्यानुसार लावा. रात्री साडेदहाला अर्धा तास हातात असतो तेव्हा आपण 'आज आरपीजी खेळू' असा विचार करत नाही, 'पटकन काय होईल' असा करतो. मग लिस्टसुद्धा त्याच प्रश्नाचं उत्तर देणारी पाहिजे ना.

त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो. लायब्ररी वेगळी आणि स्टोरेज वेगळं. लायब्ररी म्हणजे तुमच्या अकाउंटवर काय काय आहे त्याची यादी, स्टोरेज म्हणजे त्यातलं आत्ता कन्सोलमध्ये काय उतरवलंय ते. विकत घेतलेला डिजिटल गेम कन्सोलमधून डिलीट केला तरी तो तुमचाच राहतो, पाहिजे तेव्हा परत डाऊनलोड करता येतो, आणि पीएस५ वर गेम डिलीट केला म्हणून त्याची सेव्ह फाईल जात नाही, ती वेगळी राहते. कितीतरी लोक सगळं जाईल ह्या भीतीने खेळून संपवलेला शंभर जीबीचा गेम वर्षभर तसाच ठेवतात. बिनधास्त उडवा.

आता गेम लायब्ररी उघडा, होम स्क्रीनवर टाइल्सच्या ओळीत अगदी उजव्या टोकाला आहे. आत 'इन्स्टॉल्ड' आणि 'युअर कलेक्शन' असे दोन टॅब दिसतील, प्लस असेल तर त्याचाही. आपलं काम मुख्यतः 'युअर कलेक्शन'मध्ये. तिथे फिल्टर लावून एकेक गट बघत जा, आणि बघताना प्रत्येक गेमचा हक्क कुठल्या प्रकारचा आहे ते समजून घ्या, कारण दिसायला सगळ्या टाइल्स सारख्या असल्या तरी आतून त्या सारख्या नसतात.

पैसे देऊन घेतलेला गेम तुमच्या अकाउंटवर राहतो. प्लस इसेन्शियलमध्ये (प्लसची सगळ्यात खालची पातळी) दर महिन्याला मिळणारे गेम त्या महिन्यातच लायब्ररीत ॲड करावे लागतात (डाऊनलोड करायची गरज नाही, फोनवरच्या अॅपमधूनसुद्धा ॲड होतात) आणि एकदा ॲड केले की सबस्क्रिप्शन चालू आहे तोपर्यंत खेळता येतात. सबस्क्रिप्शन संपलं की कुलूप, परत भरलं की उघडतात. एक्स्ट्रा आणि डिलक्स ह्या वरच्या पातळ्यांच्या कॅटलॉगमधले गेम मात्र पाहुणे असतात. तुमचं सबस्क्रिप्शन चालू असलं तरी कॅटलॉगमधून गेम निघाला की गेला. प्लसच्या विभागात 'लास्ट चान्स टू प्ले' म्हणून एक ओळ असते, त्यात लवकरच जाणारे गेम दिसतात, ती महिन्यातून एकदा तरी बघत जा. आणि एक महत्त्वाचं, प्लसवर मिळालेल्या गेमसाठी पैसे देऊन डीएलसी (गेमचे जादा भाग) घेताना दोनदा विचार करा. डीएलसी तुमची राहील पण मूळ गेमच बंद झाला तर ती लावणार कशावर? गेम खूप आवडला असेल तर सेलमध्ये तो पूर्णच विकत घेऊन टाकलेला बरा.

डिस्कवाल्यांचं थोडं वेगळं. डिस्क असली तरी गेम कन्सोलमधल्या एसएसडीवर (आतल्या वेगवान स्टोरेजवर) इन्स्टॉल होतोच आणि चालू करायला डिस्क आत लागतेच, म्हणजे जागा वाचत नाही. आपल्याकडे डिस्क खेळून विकायची किंवा अदलाबदल करायची पद्धत भरपूर आहे, तर डिस्क हातातून गेली की त्याच दिवशी तो गेम कन्सोलमधून काढा, नाहीतर न चालणारा गेम उगाच जागा अडवून बसतो.

हे बघून झालं की लपवायचं काम. डेमो, संपलेले बीटा, एकदा उघडून बंद केलेले फुकटचे ऑनलाईन गेम, हे सगळं समोरून हटवा. गेमवर जाऊन ऑप्शन्सचं बटण दाबलं की हाईड करायचा पर्याय येतो (ही सोय २०२१ च्या एप्रिलच्या अपडेटमध्ये आली). लपवल्याने काही डिलीट होत नाही, फिल्टरमधून लपवलेले परत बघता येतात. इथे हात आखडता घेऊ नका. ज्या गेमकडे बघून मनात काहीच हलत नाही तो लपवा, कधी आठवण आली तर नावाने सर्च करून सापडतोच.

आता खरं काम, गेमलिस्ट, म्हणजे आपण स्वतः बनवलेले गेमचे गट. सप्टेंबर २०२२ च्या अपडेटमध्ये ही सोय आली, म्हणजे आधीची जवळजवळ दोन वर्षं पीएस५ वर फोल्डर नावाचा प्रकारच नव्हता, पीएस४ वर होते तरी. एकूण १५ लिस्ट करता येतात आणि एका लिस्टमध्ये १०० गेम बसतात. डिजिटल, डिस्कवाले दोन्ही चालतात, आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे एकच गेम एकापेक्षा जास्त लिस्टमध्ये टाकता येतो. 'युअर कलेक्शन'मध्ये नवीन गेमलिस्ट करायचा पर्याय आहे, नाव द्या, गेम निवडा, झालं. नंतर कुठल्याही गेमवर ऑप्शन्स दाबून तो लिस्टमध्ये घालता येतो.

पंधरा लिस्ट मिळतात म्हणून पंधरा करू नका. सहा-सात पुरतात, त्याच्यावर गेलं की लिस्टच शोधायला लागतात. माझ्या मते ह्या तर पाहिजेतच.

पहिली 'चालू'. ह्यात जास्तीत जास्त तीन गेम, आणि ते तीनही वेगळ्या स्वभावाचे. एक मोठा गोष्टीचा, एक छोटा, एक ऑनलाईन किंवा मित्रांबरोबरचा. चौथा घालायचा असेल तर आधी एक बाहेर काढायचा. हा नियम कडक वाटेल पण सगळी व्यवस्था ह्यावरच चालते, कारण मोठे गेम मध्येच सोडले की महिन्याभराने बटणं आठवत नाहीत, गोष्ट आठवत नाही, आणि मग तो गेम कायमचा राहतो. 'एल्डन रिंग' आणि 'बाल्डर्स गेट ३' एकाच वेळी चालू ठेवणं म्हणजे दोन्हीवर अन्याय.

दुसरी 'अर्धा तास'. जो गेम चालू करून तीस मिनिटांत काहीतरी पूर्ण केल्यासारखं वाटतं तो इथे. 'हेडीज'ची एक रन, 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स'चा एक डाव, फुटबॉलची एक मॅच, 'क्रिकेट २४' मध्ये पाच ओव्हरची मॅच. नोकरी करणाऱ्या माणसाला आठवड्याचे पाच दिवस हीच लिस्ट लागते, म्हणून ती मन लावून बनवा. मोठ्या ओपन वर्ल्डवाल्या गेमला इथे घेऊ नका, त्यात अर्धा तास घोड्यावरून इकडून तिकडे जाण्यातच जातो.

तिसरी 'दोघं मिळून', म्हणजे एकाच सोफ्यावर बसून खेळायचे. 'इट टेक्स टू' तर दोन माणसांशिवाय खेळताच येत नाही, 'स्प्लिट फिक्शन' तसाच, 'ओव्हरकुक्ड' चार जणांत रंगतो. पाहुणे आले, भावंडं जमली की सगळे म्हणतात लाव ना काहीतरी, आणि तेव्हा शोधत बसलात की पाच मिनिटांत सगळे आपापल्या फोनमध्ये. ही लिस्ट तयार असली पाहिजे आणि ह्यातले दोन-तीन गेम कायम इन्स्टॉल केलेले पाहिजेत, कारण त्या क्षणी डाऊनलोड करायला वेळ नसतो. दिवाळीच्या सुट्टीआधी उघडून अपडेट बघून ठेवा, दुसऱ्या कंट्रोलरचं चार्जिंग पण.

घरात लहान मुलं असतील तर त्यांची वेगळी लिस्ट, पण त्याहून चांगलं म्हणजे मुलाचं वेगळं अकाउंट फॅमिलीमध्ये जोडा आणि पॅरेंटल कंट्रोल लावा. नुसत्या लिस्टने रक्तपाताचे गेम दिसायचे थांबत नाहीत. 'ॲस्ट्रोज प्लेरूम' कन्सोलबरोबर फुकटच येतो, मुलांना कंट्रोलर धरायला शिकवायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

मग 'पुढचा नंबर'. ह्यात घेऊन ठेवलेले पण सुरू न केलेले गेम, आणि इथे सगळे टाकू नका, फक्त पुढच्या सहा महिन्यांत खरंच खेळणार आहात ते. कॅटलॉगमधून जाणारे गेम ह्या लिस्टमध्ये सगळ्यात आधी खेळायचे, विकत घेतलेला कुठे पळत नाही. सेल लागला की काही घेण्याआधी ही लिस्ट उघडायची. ती भरलेली असेल तर सेलमधला गेम विशलिस्टमध्ये टाका, सेल परत लागतोच.

आणि शेवटची 'संपले'. काही जण म्हणतील ह्याची काय गरज, पण मला ही सगळ्यात प्रिय आहे. काय काय खेळून पूर्ण केलं ते एका ठिकाणी दिसतं आणि मित्र विचारतो कुठला घेऊ तेव्हा नाव पटकन सांगता येतं. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' माझ्या ह्या लिस्टमध्ये आहे, छोटा गेम आहे, शनिवार-रविवारात होतो, ज्यांनी घेऊन तसाच ठेवलाय त्यांनी 'पुढचा नंबर'मध्ये सगळ्यात वर आणा.

लिस्ट झाल्या की होम स्क्रीन. होमवर खेळलेले गेम आपोआप पुढे-मागे होत राहतात, पण मार्च २०२२ पासून पाच गेम किंवा अॅप कायमचे धरून ठेवता येतात. टाइलवर ऑप्शन्स दाबून 'कीप इन होम'. इथे 'चालू' मधले तीन आणि 'अर्धा तास' मधले दोन ठेवा, म्हणजे आठवड्यातले बरेच दिवस लायब्ररी उघडायचीच वेळ येत नाही.

आता स्टोरेजकडे येऊ, आणि इथे जरा सविस्तर बोलतो कारण पैसे घालायचा प्रश्न आहे. पहिल्या पीएस५ मध्ये ८२५ जीबीची एसएसडी आहे आणि त्यातली वापरायला साधारण ६६७ जीबी मिळते, नंतर आलेल्या स्लिम मॉडेलमध्ये १ टीबीची आहे. 'कॉल ऑफ ड्यूटी' सगळ्या भागांसकट ठेवला तर एकटाच प्रचंड जागा खातो. म्हणून काही विकत घ्यायच्या आधी आहे ती जागा मोकळी करा. सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडा, गेम आकाराप्रमाणे लावा आणि वरून खाली या. 'संपले' लिस्टमधलं काहीही इथे दिसलं तर डिलीट. मोठ्या गेमवर ऑप्शन्स दाबून गेम कंटेंट मॅनेज करायचा पर्याय येतो का बघा, काही गेममध्ये मोहीम (एकट्याने खेळायची गोष्ट) आणि मल्टीप्लेयर वेगळे काढता येतात, मोहीम संपली असेल तर तेवढाच भाग उडवायचा. मग बघा एखाद्या गेमची पीएस४ आणि पीएस५ अशा दोन्ही आवृत्त्या तर उतरल्या नाहीत ना, हे बऱ्याच घरी होतं आणि कळतच नाही, टाइलवरच्या तीन टिंबांत कुठली आवृत्ती आहे ते दिसतं. आणि मीडिया गॅलरी! ट्रॉफी मिळाली की कन्सोल आपोआप त्याचा व्हिडिओ ठेवतो, दोन वर्षांत ह्याचे ढीग जमतात. सेटिंग्जमध्ये कॅप्चर्सच्या भागात ट्रॉफीचे व्हिडिओ बंद करा, जुने एकदा निवडून साफ करा.

एवढं करूनही जागा पुरत नसेल तर दोन रस्ते आहेत आणि दोन्ही वेगळ्या कामाचे आहेत. आतल्या स्लॉटमध्ये एम.२ एसएसडी बसवली तर पीएस५ चे गेम थेट तिच्यावरून चालतात. ती पीसीआयई जेन ४ ची एनव्हीएमई लागते, सोनीची शिफारस सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त रीड स्पीडची आहे, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) लागतेच आणि हीटसिंकसकट एकूण जाडी ११.२५ मिमीच्या आत पाहिजे. ही सोय सगळ्यांना सप्टेंबर २०२१ मध्ये मिळाली, तेव्हा ४ टीबीपर्यंत चालायची, आता ८ टीबीपर्यंत. दुकानात जेन ३ ची स्वस्तात दाखवतात, ती घेऊ नका, कन्सोल ती घेणार नाही.

दुसरा रस्ता बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क. ह्यावर पीएस५ चे गेम ठेवता येतात पण खेळता येत नाहीत, खेळायला आत हलवावे लागतात. पीएस४ चे गेम मात्र थेट तिच्यावरून चालतात. म्हणून माझा सल्ला असा की पीएस४ चे गेम भरपूर असतील तर आधी साधी हार्ड डिस्क घ्या, सगळे पीएस४ चे गेम तिकडे हलवा, आतली जागा आपोआप मोकळी होईल. डिस्क यूएसबी ३ ची, किमान २५० जीबीची, आणि थेट कन्सोलला जोडलेली पाहिजे, हबमधून चालत नाही. जोडल्यावर कन्सोल ती फॉरमॅट करतो, त्यात लग्नाचे फोटो वगैरे असतील तर आधी दुसरीकडे काढून घ्या. मग सेटिंग्जमध्ये स्टोरेजखाली इन्स्टॉलेशन लोकेशन असतं, तिथे पीएस४ चे गेम यूएसबीवर आणि पीएस५ चे आत असं एकदाच ठरवून द्या, पुढचं सगळं आपोआप जागच्या जागी जातं. डिस्क काढताना आधी कन्सोलमधून सुरक्षित काढायचा पर्याय वापरा, नुसती ओढू नका.

बाहेरची डिस्क घ्यायची का, हे तुमच्या नेटवर पण अवलंबून आहे. १०० एमबीपीएसचं कनेक्शन पूर्ण स्पीड देत असेल तर १०० जीबीचा गेम साधारण सव्वादोन तासांत उतरतो, म्हणजे डिलीट करून परत डाऊनलोड करायला काही वाटत नाही. ३० एमबीपीएसला तोच गेम साडेसात तास घेतो, आणि गावाकडे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असाल तर विचारूच नका, तिथे हार्ड डिस्क घेऊन गेम जपून ठेवणं शहाणपणाचं. मोठे डाऊनलोड रात्री लावा. सेटिंग्जमध्ये पॉवर सेव्हिंगखाली रेस्ट मोडमध्ये (कन्सोल पूर्ण बंद न होता झोपतो तेव्हा) नेट चालू राहील असं करा, म्हणजे झोपेत गेम उतरतो. ऑफिसमधून फोनच्या पीएस अॅपवरूनही डाऊनलोड लावता येतो आणि जागा कमी पडली तर तिथूनच एखादा गेम उडवता येतो. जिथे लाईट जाते तिथे गेम एका ड्राईव्हवरून दुसऱ्यावर हलवायचं काम इन्व्हर्टर किंवा यूपीएस असल्याशिवाय करू नका.

सेव्ह फाईलची काळजी वेगळी घ्यायची. प्लस असेल तर पीएस५ च्या सेव्हसाठी १०० जीबी क्लाउड मिळतं आणि आपोआप अपलोड होतं, ते चालू आहे का एकदा तपासा. प्लस नसेल तर इथे एक अडचण आहे, पीएस४ च्या सेव्ह पेनड्राईव्हवर कॉपी करता येतात पण पीएस५ च्या सुट्ट्या कॉपी करताच येत नाहीत. तेव्हा सेटिंग्जमधून पूर्ण कन्सोलचा बॅकअप यूएसबी डिस्कवर घ्यायचा, हा एकच मार्ग. ज्याचे दोनशे तास एका गेममध्ये गेलेत त्याने कन्सोल दुरुस्तीला देण्याआधी हे केलंच पाहिजे. आणि क्लाउड आणि कन्सोल दोन्हीकडे वेगवेगळ्या सेव्ह आहेत असा प्रश्न आला तर तारीख नीट वाचून मगच निवडा.

घरात दोघं-तिघं खेळत असतील तर युजर्स अँड अकाउंट्समध्ये 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाईन प्ले' चालू आहे का बघा. एका अकाउंटला एका पीएस५ वर हे चालू ठेवता येतं. ते असलं की तुमचे गेम घरातले बाकीचे त्यांच्या अकाउंटवरून खेळू शकतात आणि नेट गेलं तरी तुमचे डिजिटल गेम उघडतात. दुसऱ्याच्या कन्सोलवर कधी लॉगिन करून हे चालू ठेवलं असेल तर नेट गेल्याच्या रात्री तुमचेच गेम तुमच्या घरी कुलूपबंद होतील.

सोनीच्या ऑनलाईन स्टोअरमधून विक्री बंद करून काढलेल्या गेमबद्दल पण सांगतो, कारण लोक घाबरतात. 'फिफा २३' सप्टेंबर २०२३ मध्ये स्टोअरमधून काढला, तरी ज्यांनी घेतला होता त्यांना लायब्ररीतून परत उतरवता येतो, बहुतेक गेमचं असंच असतं. पण 'पी.टी.' ह्या फुकटच्या हॉरर डेमोसारखे अपवाद आहेत, तो २०१५ मध्ये काढल्यावर परत डाऊनलोड करणंही बंद झालं. आणि 'द क्रू' सारख्या कायम ऑनलाईन लागणाऱ्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले तेव्हा डिस्कवाल्यांचाही गेम गेला. म्हणून सर्व्हरवर चालणारा गेम 'पुढचा नंबर'मध्ये वर्षानुवर्षं ठेवू नका, खेळायचा असेल तर लोक खेळतायत तोवर खेळा.

हे सगळं एका अकाउंटवर उभं आहे, तर त्याची चावी सांभाळा. कॉलेजात असताना काढलेला, आता पासवर्डही आठवत नाही असा ईमेल अकाउंटला जोडलेला असेल तर आजच बदला. टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, शक्यतो ऑथेंटिकेटर अॅपवर, कारण नंबर बदलला की एसएमएसचा ओटीपी येणार कुठे. बॅकअप कोड मिळतात ते कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांच्या फाईलमध्ये ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून पासकीपण चालते, फोनच्या फिंगरप्रिंटने लॉगिन होतं, ज्यांना पासवर्ड लक्षात राहत नाहीत त्यांना ते जास्त सोयीचं.